अम्लपित्ताचीं जुनीं औषधें व ‘याप्य’ हा शब्द

जुनें घर पाडावयास निघालें म्हणजे माळ्यावरून जे कागद खालीं येतात त्यांत सनदा, महजर व खतें यांचा शोध संग्राहक प्रथम घेतो. मागाहून पोथ्यांकडे वळतो. आणि वैद्यकाचें एखादें बाड असेल तर तें बहुधा रद्दीच्या ढिगाशेजारीं पडून राहतें. ज्यांस अशा बाडांची गोडी असते ते त्यांतील एखादा प्रयोग उतरून घेतात आणि ‘अम्लपित्तावर रामबाण’ अशा मथळ्याखालीं तो छापून मोकळे होतात. हा दुसरा प्रकार पहिल्याहूनही अधिक अपायकारक होय असें आमचें मत आहे, व तें सकारण मांडावें एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास हिंजवडी हें गांव कारण झालें. मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेस, वाकडच्या पलीकडे असलेलें हें म्हातोबाचें गांव एके काळीं भातशेतीचें होतें. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें येथें राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविण्यास प्रारंभ केला, आणि हिंजवडी व माण येथील शिवारांत गणकयंत्रांवर काम करणाऱ्या कंपन्यांच्या इमारती उठल्या. यांतील कित्येकांचें काम समुद्रापलीकडच्या घड्याळाप्रमाणें चालतें. तेथें दिवस असतो तेव्हां येथें रात्र. रात्रीं जागणें, मध्यरात्रीं जेवणें, मध्यंतरीं चहावर चहा, आणि पहाटे घरीं येऊन भरल्या पोटीं आडवें होणें हा तेथील अनेकांचा नित्यक्रम आहे. छातींतील जळजळ, घशाशीं येणारें आंबट पाणी आणि करपट ढेकर हीं अशा ठिकाणीं दररोजच्या बोलण्यांतील गोष्ट व्हावी यांत नवल नाहीं. औषधांच्या दुकानीं गोळी मिळते, शेजारच्या दुकानीं अविपत्तिकर चूर्ण मिळतें, आणि जुन्या घरांतील एखादी आजी धने-जिऱ्याचें पाणी करून देते. जो तो ‘जुनें’ औषध शोधीत असतो. तेव्हां जुनें म्हणजे काय हें सांगण्याची जबाबदारी कागद जमविणाऱ्यांवर येऊन पडते.

प्रथम शब्दाविषयीं. जुन्या पत्रांत ‘पित्त झालें’ असा मजकूर दिसतांच त्याचा अर्थ अम्लपित्त असा लावण्याची घाई करूं नये. मराठींत पित्त म्हणजे कधीं कडू-हिरवट ओकारी, कधीं डोकें धरून येणारी व्यथा, तर कधीं अंगावर उठणाऱ्या गांधी. या शेवटल्या प्रकारावर आमसूल पाण्यांत कोळून अंगास चोळण्याची चाल घरोघरीं आहे. तेव्हां एखाद्या बाडांत ‘पित्तास आमसूल’ एवढेंच लिहिलेलें असेल तर तें पोटांत घ्यावयाचें कीं अंगास लावावयाचें, हें मागचा-पुढचा प्रयोग पाहिल्यावांचून ठरत नाहीं. माधवनिदानांत गांधींचा, म्हणजे शीतपित्त-उदर्द-कोठ यांचा अध्याय पन्नासावा आहे आणि त्यास लागूनच एक्कावन्नावा अध्याय अम्लपित्ताचा आहे. मूळ ग्रंथांत हे दोन रोग असे शेजारीं बसले असल्यामुळें, ज्या बाडांत प्रयोग त्याच क्रमानें उतरले असतील तेथें एकाचें औषध दुसऱ्याच्या नांवावर जाण्याचा संभव विशेष असतो. ‘पोटांत दुखतें’ अशा मजकुरासही हीच सावधगिरी लागू आहे. जेवण जिरत असतां किंवा जिरल्यावर उठणाऱ्या वेदनेस माधवकारांनीं परिणामशूल हें निराळें नांव देऊन शूलाच्या अध्यायांत घातलें आहे. आज जठरव्रण म्हणून ओळखला जाणारा रोग बराचसा तिकडे जातो, अम्लपित्ताकडे नव्हे. त्या व्रणाचें मोठें कारण असलेला जंतु ऑस्ट्रेलियांतील वॉरन व मार्शल यांनीं १९८२ मध्यें हुडकला आणि त्याबद्दल त्यांस २००५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु घशाशीं येणाऱ्या आंबट पाण्याचें मूळ त्या जंतूंत नाहीं.

अम्लपित्त हा स्वतंत्र रोग म्हणून केव्हांपासून मानला गेला, हें पाहणें मनोरंजक आहे. चरकसंहितेंत हा शब्द येतो, पण ग्रहणीच्या प्रकरणांत, अजीर्णापासून होणाऱ्या विकारांच्या ओघांत. पित्ताचे जे चाळीस विकार चरकानें सूत्रस्थानांत मोजले आहेत त्यांत धूमक, अम्लक, विदाह, अंतर्दाह अशीं नांवें आहेत. परंतु निदान व चिकित्सा सांगणारा निराळा अध्याय चरकांत नाहीं आणि सुश्रुतांतही नाहीं. निदानाचा तसा अध्याय सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या माधवकरांनीं दिला. पुढें वृंदानें व अकराव्या शतकांत चक्रपाणिदत्तानें माधवाच्याच क्रमानें चिकित्सा रचिली, आणि तेथून हें प्रकरण भावप्रकाश, योगरत्नाकर इत्यादि ग्रंथांत उतरलें. माधवनिदानावरील मधुकोश टीका विजयरक्षित व श्रीकंठदत्त या गुरुशिष्यांची आहे हें सर्वश्रुत आहे; गुरूची टीका अश्मरीच्या अध्यायापाशीं संपते, म्हणून अम्लपित्तावरील टीका शिष्याची समजावी. मधुकोशाचें सुटें पान हातीं आल्यास तें कोणाच्या नांवें नोंदवावयाचें हें यावरून ठरवितां येईल.

माधवकरांनीं अम्लपित्ताचे दोन मार्ग सांगितले आहेत: ऊर्ध्वग व अधोग. अन्न न पचणें, ग्लानि, मळमळ, कडू व आंबट ढेकर, छाती व घसा यांची आग, अरुचि हीं सामान्य लक्षणें देऊन वर जाणारें व खालीं जाणारें असे भेद त्यांनीं वर्णिले आहेत. अधोग प्रकारांत तहान, दाह, मूर्च्छा, नाना वर्णांचे रेच इत्यादि लक्षणें येतात; त्यांचा आजच्या ‘ॲसिडिटी’शीं कांहीं संबंध लागत नाहीं. ऊर्ध्वग प्रकार मात्र आजच्या रोगाशीं बराच जुळतो. अर्वाचीन शरीरशास्त्राप्रमाणें अन्ननलिका व जठर यांच्या सांध्याशीं स्नायूंचें एक कडें असतें. तें वेळीं-अवेळीं सैल पडलें म्हणजे जठरांतील अम्ल वर चढतें आणि नलिकेच्या नाजूक अस्तरास पोळतें. पुष्कळ रोग्यांत अम्ल अधिक तयार होत असतें असें नव्हे. जितकें आहे तितकेंच तें आपलें ठिकाण सोडून जातें. ‘ऊर्ध्वग’ हा शब्द प्रमाण न सांगतां गति सांगतो, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. यावरून प्राचीनांस स्नायूंचें कडें ठाऊक होतें असें अनुमान काढणारे लोक आहेत. त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. निरीक्षण चांगलें होतें एवढेंच यावरून सिद्ध होतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. याच अध्यायांत माधवकर साध्यासाध्यता सांगतात. नवें अम्लपित्त प्रयत्नानें बरें होतें, जुनें झालेलें याप्य होतें, आणि एखाद्याचें कष्टसाध्य असतें, असा त्यांचा अभिप्राय आहे. याप्य म्हणजे काय हें सुश्रुताच्या सूत्रस्थानांत उत्तम रीतीनें स्पष्ट केलें आहे. पडावयास आलेलें घर नीट लाविलेल्या टेक्यानें उभें राहतें, तसा याप्य रोगी योग्य उपचारानें टिकून राहतो. टेकू काढिला कीं घर कोसळतें. म्हणजे जुनाट अम्लपित्त औषधानें कायमचें नाहींसें होतें असें शास्त्रकार म्हणतच नाहींत. तें सांभाळावयाचें असतें आणि औषध व पथ्य हे दोन्ही त्या सांभाळण्याचेच भाग होत. ज्या ग्रंथपरंपरेनें रोगास याप्य म्हटलें, त्याच परंपरेंतील एक प्रयोग फोडून काढून त्यावर रामबाण असा शिक्का मारणें म्हणजे ग्रंथास त्याच्या स्वतःच्या वचनाविरुद्ध साक्षीस उभें करणें होय. सनदेंतील शर्तीचें कलम गाळून केवळ इनामाचें कलम छापलें तर आपण संपादकास काय म्हणूं?

माधवाहून निराळी अशी एक परंपरा काश्यपसंहितेंत आहे, आणि तिचा इतिहास हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष रुचेल असा आहे. हा ग्रंथ शतकानुशतकें नाममात्र उरला होता. नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहांत त्याची ताडपत्रावरील खंडित प्रत मिळाली, आणि तीवरून तो १९३८ मध्यें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाला. त्याच्या खिलस्थानाचा सोळावा अध्याय सबंध अम्लपित्तावर आहे. विरुद्ध अन्न, आधींचें जिरण्यापूर्वीं पुन्हां जेवणें, शिळें अन्न, वेग अडविणें, जेवून दिवसा झोपणें अशीं कारणें तेथें दिलीं आहेत. याहून महत्त्वाचें म्हणजे हा रोग बहुधा आनूप देशांत, म्हणजे पाणथळ व दमट मुलखांत होतो, यास्तव जांगल देशांतील औषधांनीं उपचार करावा, आणि तेवढ्यानें न शमल्यास रोग्यानें दुसऱ्या देशीं जावें, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. यांतून संग्राहकांस एक कसोटीही मिळते. महाराष्ट्रांतील जुन्या वैद्यांच्या समोर हा अध्याय नव्हता. त्यांचा आधार माधव, भावप्रकाश व योगरत्नाकर यांवर होता. तेव्हां शंभर-दीडशें वर्षांपूर्वीचें म्हणून दाखविलेल्या बाडांत काश्यपाचें नांव घेऊन अम्लपित्तास देशांतर सांगितलें असेल, तर त्या पानाच्या वयाविषयीं शंका घेण्यास जागा आहे. कागद व शाई पाहिल्यावांचून मात्र निकाल देऊं नये, कारण काश्यपाचीं वचनें इतर संग्रहग्रंथांतूनही आलेलीं असूं शकतात.

या आनूप-जांगल विभागणीच्या दृष्टीनें हिंजवडीचें स्थान मौजेचें आहे. पश्चिमेस मुळशी व ताम्हिणी घाट. तेथील पाऊस पुण्याच्या सुमारें ७०० मिलिमीटरच्या कित्येक पट. पूर्वेस थोडें गेलें कीं देशावरची कोरडी हवा लागते. मावळ व देश यांच्या सांध्यावर बसलेलें हें गांव काश्यपाच्या कोणत्या देशांत घालावें यावर दोन वैद्यांचें एकमत होणार नाहीं. आमच्या मतें तेथील आजच्या रोग्याच्या बाबतींत हा वाद गौण आहे. हवेपेक्षां घड्याळ अधिक बाधलें आहे. काश्यपानें दोष म्हणून सांगितलेली ‘जेवून दिवसा झोप’ ही रात्रपाळीवाल्यास चुकवितां येत नाहीं. पण जेवण व झोप यांमध्यें दोन-तीन तासांचें अंतर ठेवणें पुष्कळदां हातीं असतें, आणि आजचे डॉक्टरही नेमकें हेंच सांगतात. अंथरुणाची उशाकडची बाजू पायाखालीं ठोकळे घालून वीतभर उंच करावी, डाव्या कुशीवर निजावें, वजन वाढलें असेल तर उतरवावें, तंबाखू व मद्य सोडावें, या गोष्टींची त्यांत भर घालावी. नुसत्या दोन उशा घेऊन मान वांकविल्यानें काम होत नाहीं. उलट पोट दुमडतें.

पथ्याच्या यादींत मावळच्या वाचकांस ओळखीचें पुष्कळ सांपडेल. जुने तांदूळ, साळीच्या लाह्या, जव, गहूं, मूग, पडवळ, कारलें, कोहळा, डाळिंब, आवळा हीं पथ्यकर. नवें धान्य, तीळ, उडीद, कुळीथ, दहीं, आंबट, तिखट, फार खारट, तेलकट आणि मद्य हीं अपथ्यकर. मुळशीचा आंबेमोहोर प्रसिद्ध आहे व त्यास भौगोलिक मानांकनही मिळालेलें आहे. पण सुगीच्या दिवसांत नव्या तांदळाचा मऊ, सुवासिक भात खाण्याची जी हौस असते तिच्यावर शास्त्रकारांनीं या रोगांत नेमकें बोट ठेविलें आहे. कुळथाचें पिठलें हें मावळांतील व कोंकणांतील आवडतें अन्न, तेंही वर्ज्यांत. अर्थात् प्रत्येक रोग्यास प्रत्येक पदार्थ बाधतोच असें नाहीं. कोणत्या पदार्थानें आपणांस त्रास होतो हें रोग्यानें आठ-पंधरा दिवस टांचण ठेवून पाहावें, सरसकट अर्धा स्वयंपाक टाकूं नये, अशीच आजची सल्ला आहे. हिंजवडीच्या कचेऱ्यांभोवतालच्या टपऱ्यांवर मिळणारा वडापाव, मिसळ व उकळलेला चहा यांचा निर्णय लावण्यास मात्र टांचणाचीही गरज पडूं नये.

औषधांकडे वळतांना अविपत्तिकर चूर्णाचें एकच उदाहरण सविस्तर घेतों. भैषज्यरत्नावलींत हें अम्लपित्ताधिकारांत आहे. सुंठ, मिरें, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळकाठी, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलदोडा व तमालपत्र हीं अकरा द्रव्यें एकेक भाग. लवंग या सर्वांबरोबर, म्हणजे अकरा भाग. या बाविसांच्या दुप्पट निशोत्तर, म्हणजे चव्वेचाळीस. आणि या सर्वांइतकी साखर, म्हणजे सहासष्ट. बेरीज एकशें बत्तीस. म्हणजे चूर्णाचा निम्मा भाग साखर व तिसरा भाग निशोत्तर हें रेचक आहे. ज्या अकरा औषधांचीं नांवें लोक भक्तीनें घेतात तीं सारीं मिळून बाराव्या हिश्शाइतकीं भरतात. मधुमेह्यानें हें चूर्ण घेतांना साखरेचा हिशेब धरावा आणि अशक्तानें निशोत्तराचा. हें गणित पानावर प्रत्यक्ष लिहिलेलें नसतें. ‘सर्वांसम’ व ‘द्विगुण’ या दोन शब्दांत तें असतें, आणि लेखकानें त्यांतील एक शब्द गाळला कीं सबंध प्रयोग निराळा होतो.

दुसरा प्रसिद्ध प्रयोग सूतशेखर. हा योगरत्नाकरांतील असल्यामुळें महाराष्ट्रांत फार चालला. त्यांत पारा, गंधक, सुवर्णभस्म, ताम्रभस्म, टांकणखार, बचनाग, धोत्र्याचें बीं, शंखभस्म, बेलफळाचा गर, कचोरा इत्यादि द्रव्यें असून माक्याच्या रसाची भावना आहे. पारा, बचनाग व धोत्रा हीं विषारी द्रव्यें होत. ग्रंथकारास तें ठाऊक होतें; म्हणूनच ‘शुद्ध’ हें विशेषण त्यानें घातलें. त्या एका शब्दामागें रसशाळेंतील शोधनाचे संस्कार आहेत आणि ते गुरूपाशीं शिकावयाचे असल्यामुळें बाडांत लिहिलेले नसतात. असा प्रयोग कोणत्याही टीपेवांचून छापणें आणि तो वाचून कोणी घरीं खलांत घालणें यांत फारसें अंतर नाहीं. संपादकानें येथें भिडेस पडूं नये. मात्रेचेंही तसेंच. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हें प्रमाण धरल्यास गुंज सुमारें १२१ मिलिग्रॅम होते. परंतु गुंज, मासा व तोळा यांचें मान देशपरत्वें व पदार्थपरत्वें बदलत असे. यास्तव बाडांतील आंकडा जसाच्या तसा द्यावा व त्याचें ग्रॅमांत रूपांतर मजकुरांत मिसळूं नये.

शंख, कवडी, शिंप, मोतीं व पोवळें यांच्या भस्मांचें रहस्य सोपें आहे. या सर्वांचें मूलद्रव्य बहुतांशीं एकच, म्हणजे खडू ज्याचा होतो तो कॅल्शियम कार्बोनेट. तो अम्लाशीं मिळून त्याचें बळ मारतो. युरोपांतील जुने औषधविक्रे ‘खेकड्याचे डोळे’ या नांवानें एका जातीच्या चिंगाट्याच्या पोटांतील खडे याच कामास विकीत, आणि आज दुकानांत मिळणाऱ्या चघळावयाच्या कित्येक गोळ्यांत तेंच द्रव्य आहे. मोत्याची किंमत रोग्यास पडते, अम्लास ती कळत नाहीं. या भस्मांनीं लगेच बरें वाटतें व तो गुण थोडा वेळ टिकतो. पोळलेली नलिका त्यांनीं भरून येत नाहीं.

देशी औषधांचे कारखाने निघाल्यावर, उदाहरणार्थ पनवेलचा धूतपापेश्वर १८७२ मध्यें निघाल्यावर, हीं औषधें बाटलीबंद मिळूं लागलीं. आणि वामन गणेश देसाई यांच्या औषधीसंग्रहासारख्या (१९२७) ग्रंथांनीं देशी द्रव्यांकडे नव्या रसायनशास्त्राच्या नजरेनें पाहण्यास मराठी वाचकांस शिकविलें. या काळानंतरच्या बाडांत छापील पुस्तकांची छाया असते. त्यांचें मोल प्रयोगापेक्षां कोण काय वाचीत होतें हें दाखविण्यांत अधिक.

पाश्चात्य वैद्यकाचा या बाबतींतील क्रम थोडक्यांत सांगतों. जठरांतील अम्ल हायड्रोक्लोरिक आहे हें विल्यम प्राउट यानें १८२४ मध्यें दाखविलें. १८३३ मध्यें बोमंट या अमेरिकन शल्यवैद्यानें बंदुकीच्या जखमेमुळें पोटास भोंक राहिलेल्या एका रोग्यावरील आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. वर चढणाऱ्या अम्लानें अन्ननलिकेस दाह होतो हें विंकेलस्टाइन यानें १९३५ मध्यें मांडलें. अम्ल मारण्याऐवजीं तें कमी उत्पन्न करविणारें पहिलें यशस्वी औषध, सिमेटिडीन, १९७६ मध्यें इंग्लंडांत आलें व त्याचे जनक जेम्स ब्लॅक हे १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. त्याच वर्षीं ओमेप्राझोल हें अधिक जोरकस औषध स्वीडनमध्यें प्रचारांत आलें. आज पँटोप्राझोल इत्यादि त्याचींच भावंडें हिंजवडींतील प्रत्येक औषधाच्या दुकानीं मिळतात. तीं जेवणापूर्वीं अर्धा तास घ्यावयाचीं असतात. जळजळ उठल्यावर घेऊन लगेच उतार पडत नाहीं.

आणि येथें पुन्हां माधवकरांचा शब्द आठवतो. या गोळ्या बहुतेकांस उत्तम लागू पडतात, पोळलेली नलिका भरून येते. पण पुष्कळांचा रोग गोळी बंद होतांच परत येतो. दीर्घकाळ घेऊन एकदम सोडल्यास कांहीं दिवस अम्ल उलट अधिकच सुटतें, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवावी लागते. वर्षानुवर्षें घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी पडण्याचा संभव असतो. नवा टेकू जुन्याहून भक्कम आहे, परंतु टेकूच आहे. घर कोठें खचलें आहे हें पाहणेंही तितकेंच जरूर असतें. घास अडकणें, वजन उतरणें, काळा शौच, रक्ताची उलटी हीं लक्षणें दिसल्यास चूर्ण वा गोळी घेत बसूं नये. छातींतील कळ हातांत अगर जबड्यांत जाऊं लागली व घाम सुटला तर ती अम्लाची नसून हृदयाची असूं शकते, आणि ‘पित्त झालें असेल’ या समजुतीनें गेलेला वेळ जिवावर बेततो. जुन्या दप्तरांत ‘पित्त होऊन एकाएकीं वारले’ असा मजकूर आढळल्यास वाचकानें हें स्मरावें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, अम्लपित्ताचा प्रयोग उतरतांना त्याच्या मागील व पुढील प्रयोग, अनुपानाची ओळ, पथ्याची ओळ आणि समासांतील खुणा सोडूं नयेत. ‘शुद्ध’, ‘सम’, ‘द्विगुण’ हे शब्द मुळांत नसतील तर ते नाहींत असें नमूद करावें, पदरचे घालूं नयेत. हिंजवडी, माण व आसपासच्या गांवांत जुनीं घरें जाऊन त्यांच्या जागीं मजले चढत आहेत. तेथील कोणाच्या घरीं असें बाड असेल, मग तें अर्धें वाळवीनें खाल्लेलें का असेना, तें पानें न सोडवितां, आहे त्या दोऱ्यासुद्धां एखाद्या संशोधनसंस्थेकडे पोंचवावें.